साताऱ्यात पाणी शंभरावर उकळत नाही

दार लोटून घ्या आणि पेनं खाली ठेवा. आज लिहून घ्यायचं काही नाही. ऐकून घ्यायचं आहे.

दहावीच्या दोन्ही तुकड्यांची जर्नलं तपासून झाली. बाहेरून बघावीत तर दृष्ट लागेल अशी आहेत. खाकी कव्हर, त्यावर लेबल, शीर्षकाखाली दुहेरी रेघ, आकृत्या पेन्सिलीने आणि भागांची नावं एका ओळीत. उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान, सगळं जागच्या जागी. एकच गोष्ट कुठल्याही वहीत सापडली नाही, ती म्हणजे प्रयोग. मी दिवाळीनंतर या शाळेत आले, तोवर तुमचे निम्मे प्रयोग ‘झालेले’ होते. कसे झाले, ते आता मला कळलंय.

हसू नका. मॅडमना कसं कळलं, असा प्रश्न काही चेहऱ्यांवर दिसतोय. पुरावे तुम्हीच ठेवून गेलाय. एकेक काढते.

पहिला, उष्णतेचा. बर्फ तापवत न्यायचा, दर मिनिटाला तापमापी वाचायची आणि आलेख काढायचा. तुमच्या आलेखात रेघ 0 अंशावर आडवी झाली, मग चढली आणि बरोबर 100 वर पुन्हा आडवी झाली. एकाच्या नाही, सगळ्यांच्या. एकाही वहीत 99 नाही की 97 नाही.

अरे, तुम्ही साताऱ्यात राहता! हे गाव समुद्रसपाटीपासून सातशे मीटरच्या वर आहे. इतक्या उंचीवर हवेचा दाब कमी, आणि दाब कमी की पाणी आधीच उकळतं. दर तीनशे मीटरला साधारण 1 अंश धरा. म्हणजे साताऱ्यात पाणी साडेसत्याण्णवच्या आसपास उकळायला हवं. खाली सांगलीला गेलात तर अठ्ठ्याण्णवच्या थोडं पुढे, आणि वर महाबळेश्वरला गेलात तर पंच्याण्णव-शहाण्णवलाच. म्हणून तर महाबळेश्वरला उघड्या पातेल्यात बटाटे शिजायला जास्त वेळ लागतो आणि तिथल्या घरात कुकरशिवाय भागत नाही. पुस्तक खोटं बोलत नाही. पुस्तकातले 100 अंश समुद्रसपाटीवरच्या हवेच्या दाबाचे आहेत. खोटं तुम्ही बोललात. ज्याने या खोलीत, या टेबलावर, स्पिरीटच्या दिव्यावर चंचुपात्र ठेवून पाणी उकळलं असतं, त्याला 100 दिसलेच नसते.

आपल्या तापमाप्या काही फार भारी नाहीत. एखादी अंशभर चुकते. कोणी तिचा फुगा भांड्याच्या तळाला टेकवला असता, कोणी डोळा वर ठेवून तिरकं वाचलं असतं. मग कुणाचे 96 आले असते, कुणाचे 97, एखाद्याचे 99. ते मला चाललं असतं. नव्हे, तेच मला हवं होतं. तुमच्यातला एक जण जरी जर्नल घेऊन माझ्याकडे आला असता आणि म्हणाला असता, ‘मॅडम, पुस्तकात शंभर आहेत पण माझं पाणी सत्त्याण्णवच्या पुढे जातच नाही,’ तर त्या दिवशी मी त्याला वीसपैकी वीस दिले असते. त्या एका ‘पण’मध्ये तुमचं सगळं विज्ञान आहे. तुम्ही तो ‘पण’ येऊच दिला नाहीत.

दुसरा पुरावा. काचेच्या चिपेतून प्रकाशाचं अपवर्तन. चार टाचण्या उभ्या करायच्या, चिपेच्या पलीकडून बघत त्या एका रेषेत आणायच्या, मग टाचण्या काढून भोकं जोडायची. तुम्ही आपाती किरण काढला, निर्गत किरण त्याला समांतर काढला, 30 अंशांचा कोन दोन्हीकडे अगदी देवाने दिल्यासारखा. आणि कागदाला टाचणीचं एक भोक नाही! मी एकेक पान खिडकीपुढे धरून बघितलं. कागद कोरा करकरीत. टाचण्या काय हवेत उभ्या केल्या होत्या? समांतर रेषा गुण्याने काढता येतात हे तुम्ही सिद्ध केलंत. ते युक्लिडने आधीच करून ठेवलंय.

तिसरा. ओहमचा नियम. आपल्या ॲमीटरची पट्टी 0 ते 1 अँपिअर आहे, तिचे वीस भाग, म्हणजे एका भागाला 0.05. हे त्याचं लघुतम माप. तुमच्या तक्त्यात काय आहे? 0.37, 0.74 आणि 1.11. अहो शहाण्यांनो, 1.11? त्या बिचाऱ्या यंत्राचा काटा एकच्या पुढे जाऊच शकत नाही. तुमच्या थोरल्या बहिणींच्या वेळी दुसरा ॲमीटर असेल. त्याची वाचनं तुम्ही या ॲमीटरच्या तोंडी घातलीत. आणि भागाकार केला की रोध प्रत्येक वेळी नेमका 2.00. तारेची जोडणी सैल असते, सेल उतरतात, तार तापते, या सगळ्यातून काही तुमचा आकडा हलला नाही. निसर्ग इतका आज्ञाधारक नसतो. तो फक्त गाईडमध्ये असतो.

चौथ्याचं मला हसूही आलं आणि रडूही. मोरचुदाच्या द्रावणात लोखंडी खिळा. निरीक्षणात लिहिलंय, ‘द्रावण रंगहीन झाले.’ द्रावण रंगहीन होतं ते जस्ताची पूड टाकल्यावर. लोखंडाने ते फिकट हिरवं होतं, कारण तयार होतं फेरस सल्फेट. कोणीतरी एकाने उतरवताना ओळ चुकवली, आणि त्याच्यामागे अख्खी रांग त्याच खड्ड्यात गेली. एकालाही खिळा बुडवून बघावासा वाटला नाही. खिळा केवढ्याला मिळतो? मोरचूद आणायला कितीसे पैसे लागतात?

तुमच्यातल्या काही जणांचं आजोळ तासगाव-पलूसकडे आहे, हजेरीपटावरून मला माहीत आहे. सुट्टीत द्राक्षबागेत जाता ना? तिथे मामा बोर्डो मिश्रण करतो. शंभर लिटर पाण्याला एक किलो मोरचूद आणि एक किलो चुना. दोन्ही वेगवेगळं विरघळवायचं, लोखंडी भांड्यात करायचं नाही, प्लॅस्टिकच्या पिंपात करायचं. आणि फवारणीआधी तो त्यात एक स्वच्छ विळा किंवा खिळा क्षणभर बुडवून बघतो. लोखंडावर तांबूस थर आला तर चुना कमी पडलाय, आणखी निवळी घाला. नाहीतर पानं करपतील. तुमच्या प्रयोग क्रमांक चारची ही अख्खी विस्थापन अभिक्रिया तो बांधावर उभा राहून करतो. त्याने कदाचित समीकरण लिहिलं नसेल. पण ‘थर आला नाही’ असं न बघता तो कधीच म्हणणार नाही, कारण वर्षाची बाग त्याच्या त्या बघण्यावर उभी आहे. आणि तुम्ही, समीकरण संतुलित करून लिहिणारे, खिळ्याकडे न बघता रंग सांगता.

आता तुमच्या सबबी. मला त्या पाठ आहेत, तुम्ही उगाच तोंड उघडू नका.

‘मॅडम, प्रात्यक्षिकाचे गुण सगळ्यांनाच मिळतात.’ मिळतात. बोर्डाने विज्ञानाला लेखी 80 आणि प्रात्यक्षिकाला 20 गुण ठेवलेत, आणि त्या विसात कोणाला कमी पडत नाहीत हे तुम्हाला आठवीपासून ठाऊक आहे. म्हणजे गुण मिळणारच म्हणून काम करायचं नाही. उद्या पगार मिळणारच आहे म्हणून काम न करणारा माणूस ऑफिसात भेटला की याच तोंडाने त्याला शिव्या द्याल.

‘मॅडम, यूट्यूबवर बघितला.’ बघितलात, चांगलं केलंत. पोहणंही यूट्यूबवर बघा आणि मग माहुलीला कृष्णेच्या डोहात उडी मारा. व्हिडिओतला प्रयोग दहाव्या खेपेला नीट झालेला असतो. आधीच्या नऊ खेपांना काय बिघडलं ते कापून टाकतात, आणि शिकायचं असतं ते त्या नऊ खेपांत.

‘मॅडम, क्लासमुळे वेळ नाही.’ ही सबब तुमची नाही, तुमच्या घरच्यांची आहे. परवाच्या पालकसभेत एक आई मला म्हणाल्या, ‘प्रयोगात वेळ घालवण्यापेक्षा प्रश्नपत्रिका सोडवून घ्या.’ त्यांना मी तिथेच सांगितलं, तुम्हालाही सांगते. प्रश्नपत्रिकेत विचारतात, नाभीय अंतर म्हणजे काय. एक बहिर्वक्र भिंग घ्या, या खिडकीसमोरच्या भिंतीजवळ उभे राहा, समोर अजिंक्यतारा आहे. भिंग मागेपुढे करा. मागच्या भिंतीवर किल्ला उलटा उतरेल, कडा खाली, आकाश त्याच्याही खाली, आणि वरचा टीव्हीचा टॉवर जमिनीकडे लोंबकळताना दिसेल. प्रतिमा रेखीव झाली की भिंग ते भिंत अंतर पट्टीने मोजा. झालं नाभीय अंतर. दोन मिनिटं लागतात. ज्याने तो उलटा किल्ला एकदा भिंतीवर पाडलाय, तो ‘वास्तव आणि उलटी प्रतिमा’ ही व्याख्या मरेपर्यंत विसरत नाही. तीच व्याख्या तुम्ही पन्नास वेळा घोकता आणि पेपरात ‘आभासी’ लिहून येता. आता सांगा, वेळ कशात गेला?

‘मॅडम, साहित्य नाही आणि काच फुटते.’ इथे मी तुमच्यावर कमी आणि आम्हा मोठ्यांवर जास्त चिडते. इथे येण्याआधी सांगली जिल्ह्यातल्या एका शाळेत मी रुजू झाले, तेव्हा प्रयोगशाळेचं कुलूप गंजलेलं होतं. आत पोषण आहाराच्या तांदळाची पोती, स्नेहसंमेलनाचे पडदे आणि कपाटात फोडलेलीसुद्धा नाहीत अशी परीक्षानळ्यांची खोकी. का, तर ‘मुलं फोडतात, मग हिशेब कोण देणार?’ फुटलेल्या परीक्षानळीचा हिशेब द्यावा लागतो, न शिकलेल्या मुलाचा कोणी मागत नाही. म्हणून नळी जपली आणि मूल सोडून दिलं. काच फुटते म्हणून हात लावायचा नाही, असं ओगल्यांनी ठरवलं असतं तर 1916 साली कराडशेजारी ओगलेवाडीचा काच कारखाना उभा राहिलाच नसता, आणि तुमच्या पणजोबांनी प्रभाकर कंदिलाखाली अभ्यास केला नसता. जे सहकारी शिक्षक मागे उभे राहून हे ऐकत आहेत, त्यांनीही ऐकावं. टेबलावर स्वतः एक प्रयोग करून दाखवायचा आणि साठ जणांनी तो ‘केला’ असं लिहून घ्यायचं, ही आपण मुलांना दिलेली पहिली लबाडीची शिकवणी आहे. मुलं जर्नल उतरवतात ती पुढची.

आणि साहित्य म्हणाल तर सांगलीच्या पेठेतून आलेली हळद तुमच्या प्रत्येकाच्या मिसळणाच्या डब्यात आहे. ती पाण्यात कालवा, पांढऱ्या कापडाची पट्टी भिजवून सावलीत वाळवा. झाला दर्शक तयार. लिंबाचा रस टाका, पिवळी ती पिवळीच. चुन्याची निवळी टाका, लालभडक. त्यावर पुन्हा लिंबू पिळा, लाली जाऊन परत पिवळी. आम्ल, आम्लारी आणि उदासिनीकरण, तिन्ही एका चिंधीवर, खर्च शून्य.

ही चिंधी लहान समजू नका. अशाच हळदीच्या कापडावर निवळीचं ‘तीर्थ’ शिंपडून रक्ताचे डाग दाखवणारे बुवा खेड्यापाड्यांत माणसं लुबाडत आले आहेत. ते कसं होतं हे लोकांच्या हातात देऊन दाखवणारे डॉ. नरेंद्र दाभोलकर याच साताऱ्याचे. 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात त्यांना गोळ्या घातल्या. त्यांचं गाव तुमचं गाव आहे. आणि त्या गावातली दहावीची मुलं स्वतः न बघितलेली गोष्ट ‘निरीक्षण’ म्हणून लिहितात, खाली सही करतात. मग उद्या बुवाने लाल डाग दाखवला की तुम्ही काय करणार? शेजारच्याने हात जोडले म्हणून हात जोडणार. आज शेजारच्याने 100 लिहिले म्हणून 100 लिहिलेत, तसंच.

तुम्हाला वाटतं, एका जर्नलातल्या आकड्याने काय होतंय. काय होतंय ते ऐका. पावसाळ्यात कोयनेच्या धरणावर पाण्याची पातळी वाचली जाते. धरण 105 टीएमसीचं. त्या वाचनावर ठरतं, दरवाजे किती उचलायचे आणि किती क्युसेक सोडायचे. ते पाणी कराडला प्रीतिसंगमावर कृष्णेत मिसळतं आणि सांगलीला आयर्विन पुलाखाली जातं. पुलापाशी फुटांच्या खुणा आहेत. 40 फूट ही इशारा पातळी, 45 ही धोका पातळी. ऑगस्ट 2019 मध्ये पाणी 57 फुटांवर गेलं. मी तेव्हा तिकडेच होते. त्या रात्री गावात एकच प्रश्न होता, ‘किती फूट झालं?’ चाळीस म्हटलं की सामान माळ्यावर, पंचेचाळीस म्हटलं की म्हातारी माणसं नातेवाइकांकडे. त्या खुणेपाशी उभ्या असलेल्या माणसाने पावसात जायचा कंटाळा करून मागच्या वर्षीच्या रजिस्टरमधला आकडा उतरवला असता तर? अनुमान बरोबर, अक्षर सुंदर, दुहेरी रेघ मारलेली. आणि खाली माणसं झोपलेली.

तो माणूस उद्या तुमच्यातूनच होणार आहे. साखर कारखान्यात रसाचा पीएच बघून चुना किती सोडायचा ते ठरवणारा केमिस्ट तुमच्यातून होणार आहे. रक्त तपासून साखर किती ते लिहिणारी तुमच्यातूनच होणार आहे. तिने शेजारच्या रिपोर्टवरून आकडा उतरवला, तर तो रिपोर्ट तुमच्या आईचा असेल.

कर्मवीर भाऊराव पाटलांचा फोटो तुम्ही रोज बघता. 22 सप्टेंबरला त्याला हार घालता. 1919 साली काल्याला रयत शिक्षण संस्था काढण्याच्या आधी हा माणूस किर्लोस्करांचे लोखंडी नांगर शेतकऱ्यांना पटवून विकत गावोगाव फिरला. आणि ते नांगर करणारे लक्ष्मणराव किर्लोस्करही मूळचे मास्तरच, मुंबईत यंत्राची चित्रं काढायला शिकवणारे. त्यांनी खडू ठेवून हातात हातोडी घेतली, आणि 1910 साली कुंडलजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली. कर्मवीरांच्या ‘कमवा आणि शिका’ याचा अर्थ हाताला माती लागल्याशिवाय डोक्यात काही टिकत नाही, असा होता. फोटोला हार घालणं सोपं आहे. त्यांच्या जिल्ह्यात हात न लावता शिकल्याचं ढोंग करणं, ही त्या हाराची थट्टा आहे.

बस झालं. आता काय करायचं ते सांगते, आणि यात घासाघीस चालणार नाही.

ही सगळी जर्नलं मी रद्द केली आहेत. कव्हर काढून वापरा, आतली पानं चालणार नाहीत. पूर्वपरीक्षेपर्यंत प्रयोगशाळा रोज शाळा सुटल्यावर एक तास उघडी राहील, शनिवारी दोन तास. चौघांचा एक गट, आणि चौघांनीही आळीपाळीने हात लावायचा. एकाने करायचं आणि तिघांनी लिहायचं, हे बंद. वाचन घेतलं की त्याच क्षणी शाईने लिहायचं. चुकलं तर खोडरबर नाही. एक आडवी रेघ, शेजारी नवा आकडा, पुढे कारण. कागदावर टाचणीची भोकं दिसली पाहिजेत. भोकांशिवायचा अपवर्तनाचा कागद मी घेणार नाही.

आकडा पुस्तकाशी जुळला नाही तर गुण जाणार नाहीत. का जुळला नाही याची दोन वाक्यं लिहिली नाहीत तर जातील. प्रयोग फसला तर ‘फसला’ असं लिहायचं, आकड्याचा रकाना कोरा ठेवायचा, मला चालेल. दोन गटांचे सगळे आकडे दशांशापर्यंत सारखे आले, तर दोन्ही गटांना शून्य, आणि कोणी कोणाचं उतरवलं याची चौकशी मी करणार नाही.

आम्ल पाण्यात ओतायचं, पाणी आम्लात नाही. तापणाऱ्या परीक्षानळीचं तोंड कोणाच्या चेहऱ्याकडे करायचं नाही. मोकळे केस बांधायचे, ओढण्या खोचायच्या. काच फुटली तर लपवायची नाही, मला सांगायची. पैसे मी मागणार नाही. पण फुटेल म्हणून कपाटातच राहिलेली नळी मला वर्षअखेरीस दिसली, तर त्याचा जाब मात्र मागेन, तुम्हालाही आणि कपाटाच्या किल्ल्या ज्यांच्याकडे आहेत त्यांनाही.

पहिल्या बाकाने उठा. परीक्षानळ्यांची खोकी खाली घ्या, नळ्या धुवा आणि स्टँडला लावा. दुसऱ्या बाकाने बर्फ आणायला कॅन्टीनला जा. शेवटचा बाक, तुमचं हसणं मघापासून चाललंय. दिवे तुम्ही भरायचे. घंटा झाली तरी कोणी जागचं हलायचं नाही, पाणी उकळेपर्यंत.